पंप सुरू झाला की मीटर गप्प: रबाळ्यातल्या एका आरएस-४८५ पोर्टच्या चोकचं प्रकरण

पावसाळ्याच्या तोंडावर रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला. पलीकडे मेंटेनन्सचे सुपरवायझर होते. सगळा कारखाना त्यांना दादा म्हणतो, आम्हीही तेच म्हणतो. "साहेब, रात्रभर तुमचा गेटवे एकही रीडिंग चुकवत नाही. सकाळी सहाला कूलिंग टॉवरचा पंप घेतला, की कॉम फेल. पंप बंद केला की पुन्हा सगळं सुरळीत. बघायला कधी येता?"

आमचं वर्कशॉप ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आहे. आम्ही छोटे गेटवे बनवतो. एका बाजूला आरएस-४८५ वर, म्हणजे अनेक उपकरणं तारांच्या एकाच जोडीवर जोडणाऱ्या लाइनवर, एनर्जी मीटर, फ्लो मीटर वगैरे जोडायचे, दुसऱ्या बाजूने इथरनेटवरून स्काडाला, म्हणजे कारखान्यावर नजर ठेवणाऱ्या संगणक-प्रणालीला, आकडे द्यायचे. या कारखान्यात बारा उपकरणं होती, नऊ एनर्जी मीटर आणि तीन फ्लो मीटर. उपकरणांची बोलण्याची भाषा मॉडबस आरटीयू, वेग सेकंदाला ९६०० बिट, केबल साधारण ६० मीटर. गेटवे दर सेकंदाला एका उपकरणाला विचारतो, म्हणजे बारा सेकंदांत एक फेरी पूर्ण होते. यात अवघड असं काहीच नाही. मॉडबस १९७९ पासून आहे, आरएस-४८५ चं मानक १९८३ चं आहे, आणि ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही अंगांना असलेल्या कारखान्यांत ही जोडी रोज हजारो ठिकाणी बिनतक्रार चालते.

या प्रकरणात आम्ही पोर्टवरचा कॉमन-मोड चोक, म्हणजे दोन्ही तारांवर एकदम चढणारा नॉइज अडवणारा भाग, तीनदा बदलला. पहिल्याने काही झालं नाही, दुसऱ्याने त्रास वाढला, तिसरा बसला. मला सांगायचंय ते दुसऱ्याबद्दल.

जागेवर

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने रबाळे, तिथून रिक्षाने कारखाना. पंपाची मोटर २२ किलोवॅटची, ड्राइव्हवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवर चालणारी. ड्राइव्ह पॅनेलपासून मोटरपर्यंतची केबल पंधराएक मीटरची, आणि त्यातले बारा मीटर आमची आरएस-४८५ ची केबल तिच्याच ट्रेमधून, तिला अगदी खेटून गेलेली. कम्युनिकेशनची केबल शील्डेड होती, पण शील्ड फक्त गेटवेच्या टोकाला अर्थ केलेली, तीही पिळून काढलेल्या वीतभर लांब शेपटीने.

दादांनी आमच्या आधी बरंच करून पाहिलं होतं. केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर लावले होते, केबल बदलली होती, वेग ९६०० वरून २४०० वर आणला होता. वेग कमी करणं हा आपल्याकडचा ठरलेला उपाय, आणि लांब केबलवर तो लागूही पडतो. इथे पडला नाही, आणि का पडला नाही हे समजून घेण्यासारखं आहे. ड्राइव्हची स्विचिंग फ्रिक्वेन्सी ४ किलोहर्ट्झ होती. तीन फेज, प्रत्येकाच्या एका चक्रात दोन कडा, म्हणजे सेकंदाला २४,००० कडा. प्रत्येक कडेमागे केबलवर साधारण २ मायक्रोसेकंद टिकणारी थरथर. म्हणजे सेकंदातले ४८ मिलिसेकंद, जवळपास ५ टक्के वेळ, लाइन खराब असते. रिसीव्हर बिटच्या मधोमध ज्या क्षणी नमुना घेतो, तो क्षण खराब निघण्याची शक्यता ९६०० लाही ५ टक्के आणि २४०० लाही ५ टक्केच. वेग उतरवून मिळालं काय, तर तेच उत्तर चौपट वेळ लावून येऊ लागलं.

ट्रे वेगळा करा, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं. आजही माझं मत तेच आहे की नॉइज मुळाशी थांबवावा: मोटर केबल शील्डेड घ्यावी, शील्ड ड्राइव्हच्या ग्लँडला चारही बाजूंनी पकडावी, सिग्नलची केबल लांब न्यावी. पण त्या ट्रेवर आणखी तीसेक केबली होत्या आणि पुढचा शटडाउन दिवाळीत होता. तोपर्यंत दादांना आकडे हवे होते. शिवाय माझ्या मनात दुसरी गोष्टही होती. औद्योगिक म्हणून विकलेला पोर्ट शेजारच्या ड्राइव्हला टिकत नसेल, तर ते काम आमचं आहे, ग्राहकाच्या ट्रेचं नाही.

केबलवर काय दिसलं

आरएस-४८५ मध्ये ए आणि बी या दोन तारांमधला फरक वाचला जातो. रिसीव्हरला २०० मिलिव्होल्टचा फरक पुरतो. दोन्ही तारांवर सारखाच आणि एकाच दिशेने येणारा नॉइज तो वगळतो, पण एका मर्यादेपर्यंतच. पोर्टच्या ग्राउंडच्या तुलनेत तारा उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत राहिल्या पाहिजेत. बाहेर गेल्या की रिसीव्हर काय वाचेल याची हमी कोणी देत नाही.

ड्राइव्हचा नॉइज नेमका असा, दोन्ही तारांवर एकसाथ येणारा. ४१५ व्होल्टच्या सप्लायवर ड्राइव्हच्या आतला डीसी बस सुमारे ५८७ व्होल्टचा. आउटपुट शंभरेक नॅनोसेकंदांत या टोकाचं त्या टोकाला जातं. मोटर केबल आणि जमीन यांच्यातल्या कपॅसिटन्सच्या दर नॅनोफॅरडमागे त्या क्षणी जवळपास ६ अँपिअर जमिनीत उतरू पाहतात. त्यातला छोटासा वाटा खेटून गेलेल्या आपल्या केबलवर चढतो. शील्ड होती, मग? नॉइजच्या फ्रिक्वेन्सीला केबलवरची तरंगलांबी ५५-६० मीटर होती. तिचा पाव हिस्सा चौदा-पंधरा मीटर. साठ मीटरची शील्ड एकाच टोकाला अर्थ केली, तर त्या फ्रिक्वेन्सीला तिचं दुसरं टोक मोकळं लटकल्यासारखंच असतं.

ही फ्रिक्वेन्सी आधी मोजली असती तर पुढचे दोन आठवडे वाचले असते. ती मी दुसऱ्या फेरीत मोजली. त्यासाठी महागडा करंट प्रोब लागत नाही. उघडझाप होणारी फेराइटची क्लिप घेतली, तिच्यावर पातळ तारेचे पाच वेढे दिले, टोकं ५० ओहम टर्मिनेशन लावून ऑसिलोस्कोपला जोडली. पाच वेढे आणि ५० ओहम, म्हणजे क्लिपमधून १ अँपिअर गेला की पडद्यावर १० व्होल्ट. ही क्लिप आख्ख्या केबलवर बसवायची, ए आणि बी दोन्ही आत. मग तारांमधला सिग्नल आपोआप वजा होतो आणि उरतो तो फक्त कॉमन-मोड प्रवाह.

पंप बंद असताना पडद्यावर सरळ रेघ. दादांनी पंप घेतला आणि रेघेवर काटे उगवले. एक काटा ताणून पाहिला: आधी उंच, मग लहान लहान होत जाणाऱ्या सहा-सात लाटा, सगळं मिळून दोन मायक्रोसेकंदांत संपणारं. लाटांमधलं अंतर मोजलं, साडेतीन मेगाहर्ट्झ. उंची सुमारे ०.३ व्होल्ट, म्हणजे ३० मिलिअँपिअर. दादा मागून बघत होते. म्हणाले, "एवढुसं?" आकडा खरंच लहान होता. पण व्होल्टेजच्या धक्क्यांपासून पोर्ट वाचवणाऱ्या टीव्हीएस डायोडचं दोन्ही तारांचं मिळून कपॅसिटन्स १५० पिकोफॅरडच्या आसपास आहे, आणि साडेतीन मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा ३०० ओहम. ३० मिलिअँपिअर गुणिले ३०० ओहम म्हणजे ९ व्होल्ट. प्रत्येक लाटेच्या खालच्या टोकाला तारा उणे ७ च्या पलीकडे जात होत्या. दर शंभर विनंत्यांत बारा-पंधरा फेल का होत होत्या, त्याचा उलगडा तिथे झाला.

पहिला चोक

पहिला चोक मोजमापाच्या आधीच बसवला होता. वर्कशॉपमध्ये यूएसबीच्या कामासाठी आणलेले चोक होते, "१०० मेगाहर्ट्झला ९० ओहम" असे. पोर्टवर दोन तारांसाठी जागा होती, बसवले. कॉमन-मोड चोक म्हणजे एकाच फेराइट कोअरवर दोन वेटोळी. जाणारा-येणारा सिग्नल दोन वेटोळ्यांत उलट दिशांनी वाहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना खोडतं, त्याला चोक जणू दिसतच नाही. दोन्ही तारांवर एकाच दिशेने येणाऱ्या प्रवाहाला मात्र पूर्ण इंडक्टन्स आडवं येतं. हे सगळं खरं, पण किती आडवं येतं हे फ्रिक्वेन्सीवर ठरतं. १०० मेगाहर्ट्झला ९० ओहम म्हणजे साधारण ०.१४ मायक्रोहेन्री, आणि साडेतीन मेगाहर्ट्झला तो जेमतेम ३ ओहम देतो. हजार ओहमच्या वाटेत ३ ओहम घालून काय होणार होतं?

कॅटलॉगमध्ये सगळ्यात ठळक छापलेला आकडा १०० मेगाहर्ट्झचा असतो, कारण हे चोक मुख्यतः उत्सर्जनाच्या चाचण्यांसाठी आणि वेगवान डेटासाठी विकले जातात. ड्राइव्हचा नॉइज त्या गावातच राहत नाही. त्याचा जोर काही शे किलोहर्ट्झपासून दहा-वीस मेगाहर्ट्झपर्यंत असतो. तिथे निकल-झिंक फेराइटचा इवलासा चोक चालत नाही. मायक्रोहेन्रींत भरभक्कम आकडा असलेला हवा आणि त्याचा इम्पीडन्सचा आलेख १ मेगाहर्ट्झपासून वाचायचा.

आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने मग उलट्या टोकाचा उपाय काढला. लॅमिंग्टन रोडवरून पॉवर सप्लायचा ४.७ मिलिहेन्रीचा चोक आणला. त्याचा तर्क चुकीचा नव्हता, नॉइज नक्कीच अडला असता. पण मेन्सच्या चोकमध्ये सुरक्षिततेसाठी दोन वेटोळी कोअरच्या दोन अंगांना लांब लांब गुंडाळतात. त्यामुळे त्यांचं क्षेत्र एकमेकांना पुरतं खोडत नाही, एखादा टक्का उरतो. ४.७ मिलिहेन्रीचा एक टक्का ४७ मायक्रोहेन्री, आणि तो थेट सिग्नलच्या वाटेत. दोन्ही टोकांच्या १२० ओहमचा मिळून भार ६० ओहम, म्हणजे कड चढायला पाऊण मायक्रोसेकंद. ९६०० ला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, तिथे कोणाच्या लक्षातही येणार नाही. आमचा पोर्ट मात्र सेकंदाला १० लाख बिटपर्यंतचा आहे, आणि तिथे एक बिट १ मायक्रोसेकंदाचा. टेबलावर लावून पाहिलं, चौकोनी लाटेची टेकडी झाली. डेटाच्या तारांसाठी दोन्ही तारा जोडीने गुंडाळलेला, म्हणजे बायफायलर चोकच घ्यायचा, हे त्या मुलाने स्वतः पडद्यावर पाहिलं. तेवढ्यासाठी ती लॅमिंग्टन रोडची खेप सार्थकी लागली.

दुसरा चोक, आणि वाढलेला त्रास

मग ५१ मायक्रोहेन्रीचा बायफायलर चोक आणला. गाड्यांमधल्या कॅन बससाठी हे बनतात, नखाएवढे असतात, सहज मिळतात. साडेतीन मेगाहर्ट्झला याचा इम्पीडन्स ११२१ ओहम. वर्कशॉपमधल्या जुन्या, आयसोलेशन नसलेल्या, म्हणजे पोर्टचं ग्राउंड सप्लायपासून तोडलेलं नसलेल्या बोर्डवर लावला, सिग्नल जनरेटरने केबलवर नॉइज घातला, प्रवाह एक तृतीयांशाच्याही खाली गेला. आनंदाने गेटवे दुरुस्त केला आणि रबाळ्याला नेऊन बसवला.

दुसऱ्या दिवशी दादांचा फोन. शंभरात तीस फेल.

क्लिप पुन्हा लावली. ३० मिलिअँपिअरचे ८५ झाले होते. काटे पूर्वीपेक्षा उंच आणि लांब, दोन मायक्रोसेकंदांत न विझता रेंगाळणारे. चोक बसवल्यावर प्रवाह वाढतो हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझा पहिला संशय सोल्डरिंगवर गेला, मग चोक उलटा लागल्यावर. दोन्ही तपासलं, दोन्ही बरोबर होतं. त्या संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये मी वहीत प्रवाहाची वाट काढत बसलो. ती वाट पूर्ण काढल्यावर ऐरोली येण्याआधीच उत्तर समोर होतं.

केबलवर चढलेला प्रवाह चोकमधून पोर्टवर येतो. तिथून टीव्हीएसमधून पोर्टच्या आयसोलेटेड ग्राउंडवर. आयसोलेटेड म्हणजे तोडलेलं, पण या फ्रिक्वेन्सीला तोडलेलं काहीच नसतं. आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरची दोन वेटोळी एकमेकांजवळ असतात, त्यांच्यात पन्नासेक पिकोफॅरड असतात. प्रवाह त्यातून पलीकडे उतरतो, गेटवेच्या सप्लायवर, तिथून अर्थला, आणि परत ड्राइव्हकडे. सकाळी वर्कशॉपमध्ये ए आणि बी एकत्र जोडून सप्लायच्या ग्राउंडपर्यंतचं कपॅसिटन्स एलसीआर मीटरने मोजलं. सुमारे ४० पिकोफॅरड.

साडेतीन मेगाहर्ट्झला ४० पिकोफॅरडचा अडथळा ११३७ ओहम. चोकचा ११२१ ओहम. आणि कपॅसिटर आणि इंडक्टर एका रांगेत आले की त्यांचे अडथळे बेरजेत नाही, वजाबाकीत जातात. आयसोलेशनने जो हजार ओहमचा बांध घातला होता, तो आम्ही चोक लावून जवळजवळ पुसून टाकला होता. ५१ मायक्रोहेन्री आणि ४० पिकोफॅरडचा रेझोनन्स, म्हणजे दोघांचे अडथळे एकमेकांना पुरते खोडतात ती फ्रिक्वेन्सी, बरोबर ३.५ मेगाहर्ट्झला येतो. वर्कशॉपमधला जुना बोर्ड आयसोलेटेड नव्हता, त्याच्या वाटेत हा कपॅसिटर नव्हता, म्हणून तिथे सगळं छान दिसलं.

चोक हा एकट्याने निवडायचा भाग नाही, असं मी तेव्हापासून आमच्या मुलांना सांगतो. तो ज्या वाटेत बसतो त्या वाटेत आधी काय आहे, हे माहीत नसेल तर मायक्रोहेन्रीच्या आकड्याला अर्थ नाही. आयसोलेटेड पोर्टवर तर दुपटीने, कारण तिथे वाट आधीच कपॅसिटरची आहे.

वाट करून दिली

नुसता १०० मायक्रोहेन्रीचा चोक लावला असता तर रेझोनन्स अडीच मेगाहर्ट्झला सरकला असता. रबाळ्यात कदाचित निभावलं असतं, पण तुर्भ्याच्या एखाद्या कारखान्यात नेमका अडीच मेगाहर्ट्झचा नॉइज भेटला असता. नशिबावर सोडायची गोष्ट नाही ही. रेझोनन्स नॉइजच्या बराच खाली न्यायचा आणि त्याचा जोर मारून टाकायचा, असं ठरवलं.

चोक १०० मायक्रोहेन्रीचा घेतला. चोकच्या आतल्या बाजूला ए आणि बी दोन्हीपासून पोर्टच्या ग्राउंडला ४७० पिकोफॅरडचा एकेक कपॅसिटर. पोर्टच्या ग्राउंडपासून धातूच्या बॉडीला १ नॅनोफॅरड, मेन्सच्या सुरक्षिततेसाठी प्रमाणित असलेला, आणि त्याच्या रांगेत ६८० ओहम. आता प्रवाहाला बॉडीकडे स्वतःची वाट मिळाली. आयसोलेशनच्या बांधावरून उडी मारण्याचं त्याला पहिल्याइतकं कारण उरलं नाही. आयसोलेशनचा मूळ उपयोग, म्हणजे दोन ठिकाणच्या अर्थमधला ५० हर्ट्झचा फरक सहन करणं, तो तसाच राहतो. १ नॅनोफॅरड ५० हर्ट्झला ३० लाख ओहमहून जास्त आहे.

एकूण वाटेचा रेझोनन्स ७०० किलोहर्ट्झच्या आसपास आला. साडेतीन मेगाहर्ट्झला चोक २२०० ओहम देतो. क्लिपवर प्रवाह ३० वरून १५ मिलिअँपिअरवर आला. नुसता अर्धा, हे पाहून आमचा मुलगा हिरमुसला. पण प्रवाह हे रिसीव्हरचं दुखणं नाही, व्होल्टेज आहे. तारांपासून पोर्टच्या ग्राउंडपर्यंत आता टीव्हीएस धरून १०९० पिकोफॅरड आहेत, साडेतीन मेगाहर्ट्झला ४२ ओहम. १५ मिलिअँपिअर गुणिले ४२, म्हणजे ०.६३ व्होल्ट. आधी जिथे ९ व्होल्ट उसळत होते तिथे पाऊण व्होल्टसुद्धा नाही.

हे दोन ४७० पिकोफॅरडचे कपॅसिटर कुठलेही चालत नाहीत. ए चा ४७० आणि बी चा ५२० असला, तर दोन्ही तारांवर सारखा आलेला नॉइज पोर्टवर असमान होतो, आणि असमान झालेला नॉइज हाच सिग्नल. म्हणून सी-झीरो-जी प्रकारचे, एक टक्क्याचे, एकाच रीळमधले घेतले. खर्च काही पैशांचा वाढला. आणखी एक मर्यादा: हे कपॅसिटर फक्त गेटवेत आहेत. बसवरच्या सगळ्याच उपकरणांत कोणी असे घालू लागला तर कडा बोथट होतील आणि वेगवान बस बंद पडेल.

टीव्हीएस आधीपासून चोकच्या आत होता, चोक आणि ट्रान्सीव्हर (तारांवर सिग्नल पाठवणारी-वाचणारी चिप) यांच्या मध्ये. तो आम्ही तिथेच ठेवला. चोक स्वतः इंडक्टर आहे. केबलवर कोणी चुकून २४ व्होल्ट लावले आणि काढले, तर अडवलेली ऊर्जा तो ट्रान्सीव्हरच्या अंगावर फेकतो. टीव्हीएस चोकच्या बाहेर असता, तर तो ती पाहूही शकला नसता.

प्रयोगशाळेत

रबाळ्यात बसवण्याआधी एक दिवस ईएमसी प्रयोगशाळेत काढला, म्हणजे उपकरण विजेचा नॉइज किती सोसतं ते तपासतात तिथे. औद्योगिक जागेसाठी आयईसी ६१०००-६-२ हे मानक, सिग्नल पोर्टला १ किलोव्होल्टचे वेगवान काटे आणि १५० किलोहर्ट्झ ते ८० मेगाहर्ट्झपर्यंत १० व्होल्टचा सरकत जाणारा नॉइज.

६८० ओहमचं महत्त्व तिथे कळलं. आम्ही मुद्दाम एक बोर्ड त्याच्याशिवाय नेला होता. सरकता नॉइज ७०० किलोहर्ट्झला पोचला आणि सगळी उत्तरं एकदम गेली. पुढे ९०० ला परत आली. रेझोनन्स खाली नेला म्हणून तो नाहीसा होत नाही, तिथेच दबा धरून बसतो, आणि ही चाचणी त्याच्या अंगावरूनच जाते. ६८० ओहमच्या बोर्डवर त्याच जागी एकही विनंती फेल झाली नाही.

वेगवान काट्यांना मात्र पहिल्यांदा आम्ही नापास झालो. हे काटे ५ नॅनोसेकंदांत चढतात. १५ मिलिसेकंदांच्या एका झोतात ७५ काटे, दर ३०० मिलिसेकंदांनी एक झोत. केबल एक मीटर लांबीच्या धातूच्या क्लॅम्पमध्ये ठेवायची आणि काटे सोडायचे. गेटवे रीसेट होत होता. तिथल्या बाईंनी सर्किटकडे पाहिलंच नाही, केबलच्या टोकाकडे बोट दाखवलं. शील्डची तीच वीतभर शेपटी, रबाळ्यासारखीच, आमच्याच हाताने जोडलेली. १५ सेंटिमीटर तार म्हणजे साधारण ०.१५ मायक्रोहेन्री. साडेतीन मेगाहर्ट्झला ३ ओहम, कोणाला त्रास नाही. ५ नॅनोसेकंदांच्या काट्याला ती ६० ओहम.

त्यांनी कटरने केबलचं बाहेरचं आवरण बोटभर सोललं, आतली विणलेली जाळी बोटांनी उलटी न करता तशीच ठेवली, आणि तिच्यावर धातूचा खोगीर क्लॅम्प ठेवून स्क्रूने पॅनेलच्या उघड्या पत्र्यावर आवळला. पत्र्याचा रंग आधी खरवडून काढला. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर १ किलोव्होल्टला गेटवे एकदाही रीसेट झाला नाही. चोक तोच, कपॅसिटर तेच.

पुन्हा रबाळे

गेटवे बदलला, शील्डची शेपटी कापून क्लॅम्प लावला, आणि केबलच्या लांबच्या टोकाला शील्डपासून अर्थला १० नॅनोफॅरड दिला, म्हणजे ५० हर्ट्झला एकच टोक अर्थ राहतं आणि मेगाहर्ट्झला दोन्ही. पंप आठ दिवस नेहमीच्या वेळापत्रकाने चालला. ६,९०,००० च्या आसपास विनंत्या गेल्या, ११ फेल. त्यातल्या ९ लागोपाठच्या दोनेक मिनिटांतल्या, एका मीटरचा सप्लाय कोणीतरी बंद केला होता तेव्हाच्या. दिवाळीच्या शटडाउनमध्ये दादांनी केबल वेगळ्या ट्रेत घेतली. त्यानंतर क्लिपवर प्रवाह २ मिलिअँपिअरच्याही खाली गेला. ट्रेने केलेलं काम चोकने केलेल्या कामापेक्षा मोठं आहे, हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

एक गोष्ट अजून चालू आहे. महापे इथल्या एका ग्राहकाने ए आणि बी बरोबर तिसरी, ग्राउंडची तारही ओढली आहे, आणि ती ओढणं योग्यच आहे. पण आमचा चोक दोन तारांचा. नॉइज तिसऱ्या तारेवरून चोकला वळसा घालून थेट पोर्टच्या ग्राउंडवर येतो, आणि तिच्या रांगेतले १०० ओहम चोकच्या २२०० पुढे काहीच नाहीत. पुढच्या बोर्डच्या आराखड्यात तीन वेटोळ्यांचा चोक घेतला आहे. त्याचे नमुने आले आहेत, आणि टेबलावर पहिलं मोजमाप कपॅसिटन्सचं होणार आहे: तिन्ही टर्मिनल एकत्र जोडून, सप्लायच्या ग्राउंडपर्यंत.